गाडी आपली, भाडे पाहुण्यांचे, जबाबदारी कोणाची?

दिवाळीची सुटी लागली की आमच्या दिघीच्या धक्क्यावर जंगरची वाट पाहणाऱ्या गाड्यांची रांग लागते, ती मे महिना संपेपर्यंत काही हटत नाही. पलीकडच्या आगरदांड्याहून मुंबई-ठाण्याची मंडळी मुरूड-जंजिरा उरकून इकडे येतात आणि मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असा त्यांचा फेरा सुरू होतो. ज्यांची स्वतःची गाडी असते त्यांचा प्रश्न नाही. पण पुष्कळजण नुसते बॅगा घेऊन येतात, मुक्कामाच्या घरी चहा घेता घेता विचारतात, "काकू, उद्या हरिहरेश्वरला जायला गाडी मिळेल का हो?" आणि काकू म्हणतात, "मिळेल की! आमचीच आहे."

मैत्रिणींनो, या "आमचीच आहे"बद्दल आज थोडं सविस्तर लिहायचं आहे. कारण खोल्या भाड्याने देण्याचा व्यवसाय आमच्या किनाऱ्यावर मुख्यतः बायकाच चालवतात. चादरी, जेवण, मोदकांची ऑर्डर, खोलीचं भाडं, सगळा हिशेब त्यांच्या वहीत असतो. त्याच वहीत "गाडी - हरिहरेश्वर - २५००" अशीही ओळ असते. गाडी मात्र घरची, पांढऱ्या पाटीची, यजमानांच्या नावावर घेतलेली. आणि विम्याचा कागद? तो डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे एवढंच माहीत. तो कधी कोणी वाचलेला नसतो.

वाचायला तसा तो फार रूक्ष आहे, कबूल. पण त्यातला एक परिच्छेद तेवढा शोधून काढा. गाडीचा वापर कशासाठी करता येईल, यावर प्रत्येक खासगी पॉलिसीत मर्यादा घातलेली असते. तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की "हायर ऑर रिवॉर्ड"साठी, म्हणजे भाडे किंवा मोबदला घेऊन केलेल्या वापरासाठी ही पॉलिसी नाही. हप्ता वेळेवर भरलाय, लायसन आहे, पीयूसी आहे, सगळं व्यवस्थित आहे. पण ज्या क्षणी पाहुण्यांकडून गाडीचे पैसे घेतले त्या क्षणी ती गाडी पॉलिसीच्या अटीबाहेर गेली.

आमच्या जवळच्याच एका गावातली गोष्ट सांगते. पाहुण्यांना घेऊन निघालेली घरची सात आसनी गाडी आदगावच्या बाजूला एका वळणावर संरक्षक कठड्याला घासली. देवाची कृपा, माणसांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गाडीचं पुढचं तोंड मात्र पार चेपलं, दुरुस्तीचा अंदाज लाखाच्या घरात गेला. दावा केला. विमा कंपनीचा माणूस चौकशीला आला, गोड बोलला, चहा प्यायला. पाहुण्यांनी आदल्या रात्री मोबाईलवरून पैसे पाठवताना शेरा लिहिला होता, "कार रेंट, हरिहरेश्वर". बस्स, तेवढ्या चार शब्दांवर दावा नामंजूर! त्या घरच्या वहिनी मला म्हणाल्या, "बाई, आम्ही काय टॅक्सीवाले आहोत का? पाहुण्यांची सोय केली, इतकंच." हे त्यांचं म्हणणं मनाला पटतं, कागदाला मात्र पटत नाही.

अशा वेळी अगदीच हातपाय गाळायचं कारण नसतं, हेही सांगायला हवं. खासगी गाडी भाड्याने वापरली होती म्हणून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा सरसकट फेटाळला, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली गाडीमालकाला ठोक रक्कम मंजूर केली होती. त्यामुळे नामंजुरीचं पत्र आलं की ते फाडून न टाकता विमा लोकपालाकडे किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पण ती तडजोडीची वाट आहे. मिळाले तर काही पैसे मिळतील, तेही वर्षा-दोन वर्षांनी. त्यावर संसार आखता येत नाही.

आणि चेपलेली गाडी ही त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट आहे माणसाची.

त्यासाठी पॉलिसीचे तीन कप्पे समजून घ्या. आपण डब्याला कप्पे असतात तसे समजू. पहिला कप्पा त्रयस्थाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाला इजा झाली तर. हा कायद्याने सक्तीचा आहे. आपल्या देशात ही सक्ती १९३९च्या मोटार कायद्याने आणली आणि ती प्रत्यक्षात १ जुलै १९४६पासून लागू झाली. आज आपल्याला लागू आहे तो १९८८चा कायदा, त्याच्या १४६व्या कलमात ही सक्ती आहे. दुसरा कप्पा आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, तो ऐच्छिक. तिसरा कप्पा गाडी चालवणाऱ्या मालकाच्या अपघाताचा. तो १५ लाखांचा असतो आणि त्याबद्दल मी पुढे लिहिणार आहे, कारण त्यात एक गंमत आहे. गंमत कसली, फसगतच.

नुसता पहिला कप्पा घेतला की तिला आपल्याकडे "थर्ड पार्टी" म्हणतात. पहिला-दुसरा मिळून "पॅकेज" किंवा जुन्या भाषेत "फुल इन्शुरन्स". गाडी जुनी झाली की नवरेमंडळी हप्ता वाचवण्यासाठी नुसती थर्ड पार्टी घेतात. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरवर आलं, माड आणि पोफळी आडव्या झाल्या, त्या वेळी गाडीवर माड पडला तर पैसे कोणाला मिळू शकत होते? ज्यांच्याकडे दुसरा कप्पा होता त्यांनाच. वादळ, पूर, आग, चोरी हे सारं दुसऱ्या कप्प्यात येतं. जंगरवरून गाडी नेतानाचं नुकसानही त्याच कप्प्यात. पॉलिसीत रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट, विमान यांतून गाडी नेत असताना होणारं नुकसान धरलेलं असतं. आमच्या राजपुरी खाडीचं नाव २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत आहे, हे दिघीकरांनी लक्षात ठेवावं. विमा प्रतिनिधीला हे सांगून जंगरच्या प्रवासाबद्दल लेखी उत्तर घेऊन ठेवलेलं बरं. पोस्टकार्डाचे दिवस गेले, आता एका ई-मेलवर काम होतं.

आता पहिल्या कप्प्याकडे येऊ. समजा पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्या आपल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीची धडक एखाद्या दुचाकीला बसली आणि तो माणूस गेला. वय ३३, घरी बायको आणि दोन मुलं, महिन्याची कमाई २० हजार. मोटार अपघात न्यायाधिकरण हिशेब कसा मांडतं, तो बघा. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. स्वतंत्र कमाई करणारा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढे कमाई वाढली असती हे धरून त्यात ४० टक्के मिळवायचे. हे २०१७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ठरलेलं आहे. झाले ३ लाख ३६ हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा. राहिले २ लाख २४ हजार. या वयाला गुणक १६, तो २००९च्या निकालातल्या तक्त्यातून. गुणाकार केला की ३५ लाख ८४ हजार रुपये. शिवाय अंत्यविधी, मालमत्तेची हानी वगैरेंचे थोडे आणि त्यावर व्याज.

एवढी रक्कम कंपनीनं भरायची म्हणून तर विमा. पण गाडी परवान्याशिवाय भाड्याने चालवली असेल, तर तो अटींचा मूलभूत भंग धरला जातो. परवाना नसलेल्या वाहनाच्या एका प्रकरणात २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीनं मृताच्या कुटुंबाला आधी पैसे द्यावेत आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करावेत. त्या कुटुंबाच्या दृष्टीनं ठीक आहे, त्यांना पैसे मिळाले. पण वसुली कोणाकडून? ज्याच्या नावावर गाडी त्याच्याकडून. म्हणजे घर, वाडी, पोफळीचं उत्पन्न यांच्यावर बोजा. आणि आपल्या गाडीच्या आत बसलेल्या पाहुण्यांचं तर आणखीच अवघड. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी गाडीतले प्रवासी धरलेलेच नसतात. पॅकेजमध्ये ते धरतात, पण पाहुणे म्हणून, भाडं देणारे प्रवासी म्हणून नव्हे.

"मग काय करायचं, गाडी द्यायचीच नाही का?" असं तुम्ही विचाराल. द्यायची असेल तर ती टॅक्सी म्हणून नोंदवायची. आमच्या रायगड जिल्ह्याचं परिवहन कार्यालय पेणला आहे, एमएच-०६ ही त्याचीच खूण. तिथे गाडीची नोंद बदलून घ्यायची, परवाना काढायचा, फिटनेसचा दाखला घ्यायचा, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं लावायची आणि विमाही टॅक्सीचा घ्यायचा. हप्ता वाढतो, हे लपवत नाही. केंद्राच्या जून २०२२च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला त्रयस्थ विम्याचा वर्षाचा हप्ता ३,४१६ रुपये होता. तेवढ्याच ताकदीच्या टॅक्सीला ७,९४० आणि शिवाय प्रत्येक प्रवाशामागे ९७८. सहा प्रवाशांची धरली तर १३,८०८ रुपये. जीएसटी वेगळा. सुमारे चौपट! ही आकडेमोड करून बघूनच पुष्कळ घरं पांढरी पाटी ठेवतात. पण माझं विचाराल तर, हंगामात महिन्याला आठ-दहा फेऱ्या होत असतील त्या घरानं हा फरक भरावाच. वर्षाचे दहा हजार जास्त म्हणजे चार फेऱ्यांचं भाडं. ज्या घरी वर्षातून दोनदाच असं होतं, त्यांनी सरळ गावातल्या पिवळ्या पाटीवाल्याचा किंवा मिनिडोअरवाल्याचा नंबर पाहुण्यांना द्यावा. त्याचाही धंदा होतो आणि आपलीही झोप शाबूत राहते.

परवान्याशिवाय गाडी चालवली तर दंड १० हजारांपर्यंत आणि कैदही होऊ शकते, विमा नसेल तर पहिल्या वेळी २ हजार. पण दंडाची भीती मी मुद्दामच शेवटी ठेवली. दंड भरून माणूस मोकळा होतो. वरच्या हिशेबातून मोकळं होता येत नाही.

हल्ली आणखी एक प्रकार निघाला आहे. पाहुणे म्हणतात, "ड्रायव्हर नको, आम्हीच चालवू, फक्त चावी द्या." त्यांना वाटतं, परदेशात असतं तसं. आपल्याकडेही ते आहे, पण त्यासाठी १९८९ची रेंट-ए-कॅब योजना आहे आणि तिचं लायसन मिळायला निदान ५० गाड्या लागतात. अशा गाड्यांची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. स्कूटर भाड्याने देण्यासाठी १९९७ची वेगळी योजना आहे. गोव्यात काळ्या पाटीच्या दुचाक्या दिसतात त्या याच पद्धतीच्या. तिथेही निदान पाच दुचाक्या आणि लायसन लागतं. आपल्या अंगणातली एकुलती एक ॲक्टिव्हा दिवसाला चारशे रुपयांनी देणं यात कुठेच बसत नाही, बरं का.

आणि ती मघाशी म्हटलेली फसगत हीच. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी, तोही त्याच्याजवळ लायसन असेल आणि तोच चालवत असेल तेव्हा. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवताना बायको, दीर किंवा पाहुणा असेल तर हे १५ लाख त्यांना नाहीत. मागून घेतलेल्या गाडीचा चालक हा मालकाच्या जागी उभा राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९मध्ये एका मोटरसायकलच्या प्रकरणात म्हटलं आहे. म्हणजे स्वतःच्या चुकीनं तो मेला तर त्याचं कुटुंब त्रयस्थ म्हणून भरपाई मागू शकत नाही. आपल्यापैकी कितीजणी यजमानांच्या नावावरची स्कूटर चालवतात! शाळेतल्या आमच्या स्टाफरूममध्ये मी विचारलं तर अकराजणींपैकी आठ. उपाय साधा आहे. स्कूटर आपल्या नावावर घ्यावी, नाहीतर आपल्या नावाचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढावा. बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे, वर्षाला २० रुपयांत २ लाख. १५ लाखांपुढे ते थोडे आहेत, पण काहीच नसण्यापेक्षा बरे.

आता दुसऱ्या बाजूनं बघू. आपण कोणाला तरी कामावर ठेवतो, तेव्हा. "आम्ही कुठले मालक?" असं म्हणू नका. ज्या घरी हंगामात गाडीवर ड्रायव्हर ठेवला जातो ते घर त्या ड्रायव्हरचं मालक आहे. शिवाय आमच्या दिघीत आता दिवस बदलले आहेत. दिघी बंदर फेब्रुवारी २०२१मध्ये अदानी पोर्टस्‌नं घेतलं, ऑगस्ट २०२४मध्ये केंद्र सरकारनं इथलं औद्योगिक क्षेत्र मंजूर केलं. बंदरात आणि बांधकामांवर लहान-मोठी कंत्राटं घेणारी मंडळी आपल्याच घरांतली आहेत, कोणाचा दीर, कोणाचा भाऊ. बोर्ली, म्हसळ्याकडची माणसं भाड्याच्या जीपनं कामावर आणायची आणि परत सोडायची, हे त्यांचं रोजचं काम. आणि त्याही कंत्राटाची वही पुष्कळदा घरची सूनच लिहिते. तेव्हा तिला हे ठाऊक हवं.

कामाच्या ओघात कामगाराला अपघात झाला तर मालकानं भरपाई द्यायची, हा नियम १९२३च्या कायद्यापासून आहे. नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे. ड्रायव्हर, क्लीनर ही माणसं जुन्या कायद्याच्या यादीतही नावानिशी होती. "तो रोजंदारीचा होता", "तो कंत्राटदाराचा होता, आमचा नव्हे" या सबबी चालत नाहीत. कंत्राटदारानं दिलं नाही तर मूळ काम देणाऱ्याला द्यावं लागतं, मग त्यानं ते कंत्राटदाराकडून वसूल करावं. भरपाईला उशीर केला तर व्याज चढतं, वर दंडही.

पण कामाचा ओघ म्हणजे किती? गेटच्या आत पाऊल टाकल्यापासून, की घरातून निघाल्यापासून? या प्रश्नावर आपल्याच महाराष्ट्रातल्या एका बाईंनी बावीस वर्षं वाट पाहिली. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव भागातली ही हकिगत. साखर कारखान्यावरचा एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीला मोटरसायकलवरून निघाला. कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघात होऊन तो गेला. मागे पत्नी, चार मुलं आणि आई. भरपाई आयुक्तांनी ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केलं. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. २०११मध्ये उच्च न्यायालय म्हणालं, अपघात कारखान्याबाहेर झाला, कामाशी संबंध नाही; निकाल फिरला. शेवटी जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा फिरवला. कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी धागा जुळत असेल तर तो कामाच्या ओघातलाच मानावा, असं ठरलं. नव्या संहितेतही ही तरतूद शब्दांत घातलेली आहे. ती मुलं या बावीस वर्षांत केवढी झाली असतील, याचाच मी विचार करत बसले.

तर मग पहाटेच्या अंधारात भाड्याच्या जीपमधून दहा माणसं कामावर आणणाऱ्यानं काय बघायचं? जीपची पाटी पिवळी आहे का, ते सगळ्यात आधी. परवाना, फिटनेस आणि विम्याच्या तारखा कागदावरच नव्हे तर सरकारी परिवहन ॲपमध्येही दिसतात. गाडीचा नंबर घातला की दोन मिनिटांत कळतं. विम्यात किती प्रवासी धरलेत आणि आपण किती कोंबतो, हे बघायचं. करारात लिहून घ्यायचं की विमा आणि परवाना चालू ठेवणं गाडीमालकाचं काम. पण करार लिहून घेतला म्हणजे आपण सुटलो असं नाही. गाडी आणि ड्रायव्हर पूर्णपणे आपल्या हुकमतीत असतील, कुठे जायचं, कधी जायचं हे आपण ठरवत असू, तर भाड्याने घेणाऱ्यालाही मालकासारखं जबाबदार धरलं जातं. राजस्थानच्या एसटीनं भाड्याने घेतलेल्या बसच्या अपघातात १९९७मध्ये असंच झालं. आणि आपला पगारी ड्रायव्हर असेल तर पॉलिसीत त्याच्यासाठीचा जादा हप्ता लावून घ्यायचा. तो वर्षाला पन्नास रुपयांच्या घरात असतो. पन्नास रुपये! आपण कोथिंबिरीला घासाघीस करून तेवढे वाचवतो.

ड्रायव्हरच्या लायसनचा एक घोळ आता मिटला आहे. साध्या हलक्या मोटारीचं लायसन असलेल्यानं टॅक्सी चालवली तर कंपन्या हरकत घेत. ७.५ टनांपर्यंतच्या वाहनाला तेच लायसन पुरतं, हे घटनापीठानं नोव्हेंबर २०२४मध्ये कायम केलं.

कामावर बायका असतील तर जबाबदारी आणखी वाढते. २००७मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका मुलीचा कंपनीनं लावलेल्या भाड्याच्या गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं खून केला, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोय मालकानं करायला हवी, असं आहे. दारापर्यंत, नाक्यापर्यंत नव्हे. आणि २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात मालकानं दिलेलं वाहनही "कामाची जागा" धरलं आहे. जीपमध्ये ड्रायव्हरनं किंवा सहकाऱ्यानं काही वावगं केलं तर "ते ऑफिसात घडलं नाही" असं मालकाला म्हणता येत नाही. आपल्या मुली-सुना कामाला जातात, त्यांना हे सांगून ठेवा.

शाळेच्या सहलीचं थोडक्यात सांगते, कारण तो माझा प्रांत. पालक स्वस्तातल्या खासगी गाड्या सुचवतात. मी एसटीच्याच बाजूची. शैक्षणिक सहलींना एसटी भाड्यात सवलत देते आणि तिच्या गाडीचा परवाना आहे की नाही, ड्रायव्हर कोण, ही चौकशी आपल्याला करावी लागत नाही. गाडी जुनी असते, खिडक्या खडखडतात, मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत.

अपघात झालाच तर कागद शोधण्याआधी माणूस दवाखान्यात न्यायचा. मे २०२५पासून केंद्राची योजना आहे, रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार पैसे न भरता. मदत करणाऱ्या वाटसरूला पोलीस अडकवतील ही भीतीही आता धरू नये, २०१९च्या दुरुस्तीनं त्याला संरक्षण दिलं आहे. नंतर पोलिसांत नोंद, विमा कंपनीला कळवणं आणि पंचनाम्याची प्रत. न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला कायद्यानं सहा महिन्यांची मुदत घातली आहे. अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करायला हवा असं नाही, आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणाकडेही करता येतो. चूक कोणाची हे ठरायच्या आधी, विनादोष भरपाई म्हणून मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशीही तरतूद एप्रिल २०२२पासून आहे. धडक देऊन गाडी पळून गेली, नंबरच कळला नाही, तरी मृताच्या घराला २ लाख आणि जखमीला ५० हजार मिळतात.

आणि गेलेली व्यक्ती घरची बाई असेल तर? "ती काही कमवत नव्हती" हे वाक्य पूर्वी सर्रास ऐकू यायचं. सर्वोच्च न्यायालयानं २००१मध्ये जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३ हजार धरलं, आणि जानेवारी २०२१च्या निकालात तर घरकामाचं उत्पन्न धरायलाच हवं, ती काही दया नव्हे, असं बजावलं. तेव्हा वकिलानं अर्जात "व्यवसाय : काही नाही" असं लिहिलं तर त्याला थांबवा. स्वयंपाक, धुणं, म्हाताऱ्यांची शुश्रूषा, मुलांचा अभ्यास, पाहुण्यांच्या खोल्यांची व्यवस्था, सगळं लिहायला सांगा.

एक राहिलंच. आपली जुनी गाडी गावातल्याच कोणाला विकली, पैसे मोजून घेतले, चावी दिली आणि कागद मात्र "करू नंतर" म्हणून राहिले, असं आपल्याकडे घरोघरी आहे. २०१८च्या एका प्रकरणात गाडी हातोहात तीन-चार जणांना विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच्याच नावावर. भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावरच आली. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० भरून पेणच्या कार्यालयात नोंद बदलेपर्यंत ती गाडी कायद्याच्या नजरेत आपलीच असते. घेणाऱ्यानंही १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची; त्रयस्थाचा कप्पा आपोआप त्याच्याकडे जातो, पण गाडीच्या नुकसानीचा कप्पा तसा जात नाही.